मुंदडा प्रकरण : लोकसभेतील एक प्रश्न आणि अर्थमंत्र्यांचा राजीनामा

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर अस्तित्वात आलेल्या दुसऱ्या लोकसभेत ४९४ पैकी ३७१ जागा एकट्या काँग्रेसकडे होत्या. विरोधी पक्षांत वक्ते होते, अभ्यासू सदस्यही होते. पण त्यांचे संख्याबळ इतके विखुरलेले होते की सरकारला एखाद्या मतदानात हरवण्याची कल्पनाही कोणी करू शकत नव्हते. असे असूनही त्या लोकसभेच्या पहिल्या वर्षभरातच देशाच्या अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले, आणि तेही अविश्वासाचा ठराव, पक्षफूट किंवा जनआंदोलन यांपैकी काहीही घडले नसताना. प्रश्नोत्तराच्या तासात विचारलेला एक प्रश्न, त्याला मिळालेले अपुरे उत्तर आणि त्या उत्तराने समाधान न झालेला सत्ताधारी पक्षाचाच एक सदस्य, एवढ्यातून ही घटना आकाराला आली. इतिहासात ती ‘मुंदडा प्रकरण’ म्हणून ओळखली जाते. आयुर्विमा महामंडळाने एका उद्योगपतीचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर खरेदी केले, हा या प्रकरणाचा आर्थिक गाभा होय. परंतु व्यवहार जितका गंभीर होता, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक गंभीर ठरले ते त्या व्यवहाराविषयी संसदेला काय सांगितले गेले आणि काय सांगितले गेले नाही, हे.

सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार भारतातील विधिमंडळांना सहजासहजी मिळालेला नव्हता. १८६१ च्या कायद्याने निर्माण झालेल्या परिषदांचे काम केवळ विधेयकांपुरते मर्यादित होते आणि कारभाराविषयी विचारणा करण्याची मुभा सदस्यांना नव्हती. १८९२ च्या कायद्याने ती प्रथमच दिली. त्यानुसार १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंगा संस्थानच्या राजांनी केंद्रीय विधिपरिषदेत पहिला प्रश्न विचारला. दौऱ्यावर निघालेल्या सरकारी अधिकाऱ्यांच्या छावण्यांना शिधासामग्री पुरवताना गावोगावच्या दुकानदारांना जो जाच सोसावा लागे, त्याविषयीचा तो प्रश्न होता. या देशातील संसदीय विचारणेची सुरुवात गावच्या वाण्याच्या तक्रारीपासून झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मात्र उत्तर ऐकल्यावर त्यावर पुन्हा काही विचारण्याची सोय तेव्हा नव्हती. सरकारने जे वाचून दाखवले, ते निमूटपणे ऐकून घ्यावे लागे. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न, म्हणजे मिळालेल्या उत्तरातून उद्भवणारा पुढचा प्रश्न, विचारण्याची परवानगी दिली आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो अधिकार सभागृहातील कोणत्याही सदस्याला मिळाला. प्रश्नाला धार आली ती येथून. लेखी उत्तर सचिवालयात बसून सावधपणे तयार करता येते; उपप्रश्नाचे उत्तर मात्र मंत्र्याला उभ्याउभ्या, स्वतःच्या माहितीच्या आणि सचोटीच्या बळावर द्यावे लागते.

स्वतंत्र भारताच्या संसदेने ही व्यवस्था अधिक पक्की केली. सभागृहाच्या बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तरांसाठी राखला गेला. ज्या प्रश्नाचे तोंडी उत्तर हवे असेल त्यावर तारेची खूण असते, म्हणून तो तारांकित प्रश्न, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. ज्याचे उत्तर लेखी स्वरूपात पटलावर ठेवले जाते तो अतारांकित. उत्तराने शंका फिटली नाही, तर ठरावीक नियमांखाली त्या विषयावर चर्चा मागण्याचा मार्गही सदस्याला मोकळा असतो. मुंदडा प्रकरणात या साऱ्या पायऱ्या क्रमाने चढल्या गेल्या; त्यामुळे संसदीय नियंत्रण प्रत्यक्षात कसे चालते, याचा तो एक स्वच्छ आणि पूर्ण नमुना ठरतो.

या प्रकरणाची पार्श्वभूमी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची आहे, आणि त्या निर्णयाशी एका मराठी माणसाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून भाषण करून आयुर्विमा कंपन्यांचे व्यवस्थापन सरकारने ताब्यात घेतल्याचे जाहीर केले. या निर्णयाची कुणकुण कंपन्यांना आधी लागली असती तर पैसा इकडचा तिकडे गेला असता, म्हणून ही घोषणा होईपर्यंत कमालीची गुप्तता पाळण्यात आली होती. विमा कंपन्यांच्या मालकांनी विमेदारांचा पैसा स्वतःच्या इतर उद्योगांत वळवावा, हा प्रकार त्या काळी सर्रास चालत असे, आणि सामान्य कुटुंबांच्या बचतीला संरक्षण देण्याचा दुसरा खात्रीचा उपाय सरकारला दिसत नव्हता. पुढे संसदेने कायदा संमत केला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून एकूण २४५ संस्थांचा व्यवसाय एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत ठेवण्यात आले. महामंडळाच्या स्थापनेच्या वेळी देशमुख मात्र अर्थमंत्री नव्हते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या केंद्र सरकारच्या धोरणाच्या निषेधार्थ ते त्याआधीच मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते, आणि त्यांची जागा टी. टी. कृष्णम्माचारी यांनी घेतली होती. मद्रासचे हे व्यापारी पार्श्वभूमीचे, अत्यंत तल्लख आणि काहीसे शीघ्रकोपी मंत्री नेहरूंच्या विश्वासातले होते.

राष्ट्रीयीकरणाच्या मागणीला संसदेत जोर आला, त्यात फिरोज गांधी यांचा वाटा मोठा होता. डिसेंबर १९५५ मध्ये विमाविषयक विधेयकावरील चर्चेत त्यांनी रामकृष्ण दालमिया यांच्या भारत विमा कंपनीतील पैसा कोणत्या वाटांनी दालमियांच्या इतर उद्योगांकडे गेला, याचा तपशील आकड्यांनिशी सभागृहापुढे मांडला. त्या वेळेपर्यंत मागच्या बाकांवरचे एक अबोल सदस्य अशीच त्यांची ओळख होती. या भाषणानंतर ती राहिली नाही. दालमियांवर पुढे खटला चालला आणि त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

फिरोज गांधींचा जन्म १२ सप्टेंबर १९१२ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. घराणे मूळचे भडोचकडचे. बालपणीच ते अलाहाबादला गेले, तेथेच स्वातंत्र्यचळवळीत ओढले गेले आणि १९४२ मध्ये त्यांचा इंदिरा नेहरूंशी विवाह झाला. पंतप्रधानांचे जावई ही त्यांची जगाच्या दृष्टीने पहिली ओळख होती. संसदेत मात्र त्यांनी त्या नात्याचा आधार घेतला नाही आणि त्या नात्याची भीडही बाळगली नाही. रायबरेलीचे प्रतिनिधित्व करणारा हा खासदार संसदेच्या मध्यवर्ती सभागृहातील एका ठरलेल्या कोपऱ्यात पत्रकार आणि इतर सदस्यांबरोबर तासन्‌तास बसलेला असे. त्या जागेला ‘फिरोज यांचा कोपरा’ असेच नाव पडले होते. त्यांच्या भाषणांत अलंकार फारसे नसत. कंपन्यांचे ताळेबंद, शेअरचे भाव, तारखा आणि अधिकाऱ्यांची नावे यांची साखळी जोडत ते पुढे जात. वृत्तपत्रीय व्यवस्थापनाचा अनुभव असल्याने बातमीमागची कागदपत्रे कशी मिळवायची आणि कशी वाचायची, हेही त्यांना ठाऊक होते.

ज्यांच्या व्यवहारावरून हे वादळ उठले ते हरिदास मुंदडा कलकत्त्याचे. स्वातंत्र्यानंतर अनेक ब्रिटिश मालकांनी आपल्या कंपन्या विकायला काढल्या, त्या काळात थोड्या भांडवलावर आणि पुष्कळशा कर्जावर मोठ्या कंपन्या ताब्यात घेणाऱ्यांपैकी ते एक होते. एका कंपनीचे शेअर बँकेत गहाण ठेवायचे, त्या पैशातून दुसरीचे घ्यायचे आणि भाव पडू नयेत म्हणून बाजारात स्वतःच खरेदी करत राहायचे, अशी ही पद्धत होती. भाव चढते असेपर्यंत ती चालते. बाजार उतरू लागला की गहाण शेअरची किंमत घटते, बँका तारण वाढवून मागतात आणि सारी रचना एकदम डळमळते. १९५७ च्या उन्हाळ्यात नेमके हेच घडत होते. अर्थसंकल्पातील नव्या करांमुळे शेअर बाजार मंदावला होता आणि मुंदडा बँकांच्या देण्याने घेरले गेले होते.

जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडांच्या सहा कंपन्यांचे शेअर एकगठ्ठा विकत घेतले. रिचर्डसन अँड क्रुडास, जेसप अँड कंपनी, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, ऑस्लर लॅम्प्स, अँजेलो ब्रदर्स आणि ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन या त्या कंपन्या होत. यांतील रिचर्डसन अँड क्रुडास हा भायखळ्याचा जुना पोलादी बांधकामाचा कारखाना मुंबईकरांच्या चांगल्या परिचयाचा होता, तर ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन ही ‘लाल इमली’ आणि ‘धारीवाल’ या लोकरी कापडांमुळे घरोघरी माहीत असलेली कानपूरची कंपनी. म्हणजे कारखाने खरेखुरे होते, त्यांत माल तयार होत होता आणि माणसे काम करत होती. रोगट होती ती त्यांच्या शेअरभोवती उभी केलेली आर्थिक रचना. विमेदारांच्या पैशाने खरेदी केली गेली ती त्या कारखान्यांना नवे भांडवल देण्यासाठी नव्हे; तो पैसा मुंदडांच्या हाती गेला आणि त्यांची देणी भागवण्याच्या कामी आला.

खरेदीची रीतही नेहमीची नव्हती. महामंडळाने शेअर खुल्या बाजारातून, दलालांमार्फत घेतले नाहीत. मुंदडांशी थेट वाटाघाटी करून घेतले. गुंतवणुकीचे निर्णय घेण्यासाठी कायद्याने जी गुंतवणूक समिती नेमली होती, तिला आधी विचारले गेले नाही. सौद्यासाठी २४ जूनचे बाजारभाव धरण्यात आले, आणि त्याआधीच्या काही दिवसांत कलकत्त्याच्या बाजारात त्याच शेअरचे भाव चढलेले होते. वाटाघाटींत पुढाकार होता तो अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल यांचा. महामंडळाचे अध्यक्ष जी. आर. कामत आणि व्यवस्थापकीय संचालक एल. एस. वैद्यनाथन यांनी व्यवहार पार पाडला. पटेल हे जुन्या आय. सी. एस. मधील अत्यंत कर्तबगार अधिकारी होते. फाळणीच्या काळात त्यांनी केलेल्या कामाची प्रशंसा सर्वत्र झाली होती. अशा अधिकाऱ्याने, कलकत्त्याचा बाजार कोसळू नये या समजुतीने का होईना, एका उद्योगपतीच्या अडचणीवर विमेदारांच्या पैशाचा उतारा शोधावा, हे नवख्या सार्वजनिक संस्थांना सचिवालयाचा केवढा धाक होता याचे द्योतक आहे.

वृत्तपत्रांत या खरेदीची कुजबुज उमटू लागली आणि ४ सप्टेंबर १९५७ रोजी विषय प्रश्नाच्या रूपाने लोकसभेत आला. प्रश्नकर्ते होते बिहारमधील काँग्रेसचे खासदार डॉ. रामसुभग सिंह. सरकारी उत्तराने व्यवहाराचा खरा आकार सभागृहापुढे आला नाही. सत्र संपले, पण शंका संपली नाही, आणि २९ नोव्हेंबर रोजी प्रश्न पुन्हा आला. या वेळीही अर्थमंत्र्यांचे उत्तर प्रश्नाच्या शब्दांपुरते होते. प्रश्नात विचारले तेवढ्याला, आणि तेही शक्य तितक्या आखडत्या अर्थाने, उत्तर द्यायचे, ही प्रशासकीय उत्तरांची जुनी रीत येथे पाळली गेली. कोणाशी सौदा झाला, कोणी केला, कोणत्या भावाने केला, गुंतवणूक समितीचे मत काय पडले, मंत्र्यांना त्याची माहिती केव्हा मिळाली, यांपैकी काहीही त्यातून उलगडले नाही. त्या घटकेला अर्थमंत्र्यांनी उभे राहून सर्व वस्तुस्थिती सांगितली असती, चूक झाली असल्यास तीही मान्य केली असती, तर पुढचा इतिहास बहुधा वेगळा झाला असता. सव्वा कोटीचा एक वादग्रस्त सौदा म्हणून हे प्रकरण लेखापरीक्षणाच्या एखाद्या अहवालात विसावले असते. उत्तरातील आडपडद्यामुळेच त्याला संसदेच्या हक्काच्या प्रश्नाचे रूप आले.

१६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधींनी या विषयावरील चर्चा सुरू केली. सुरुवातीलाच त्यांनी सांगितले की, आपल्या मनातील बंडाने आपल्याला हा विषय उपस्थित करायला भाग पाडले आहे आणि अशा प्रसंगी गप्प राहणे हा गुन्हाच ठरेल. आयुर्विमा महामंडळ ही संसदेने निर्माण केलेली सर्वांत बलाढ्य वित्तीय संस्था आहे, तेव्हा तिच्यावर नजर ठेवण्याची जबाबदारीही संसदेचीच, हा त्यांच्या युक्तिवादाचा पाया होता. त्यानंतर त्यांनी एकामागून एक प्रश्न ठेवले. बाजारात शेअर उपलब्ध असताना थेट मालकाशी सौदा कशासाठी? बाजार सावरण्याचा हेतू होता असे म्हणावे, तर शेकडो कंपन्यांतून नेमक्या एकाच माणसाच्या सहा कंपन्या का निवडल्या? ज्या माणसाच्या व्यवहारांविषयी बाजारात आधीपासून साशंकता होती, त्याच्या शेअरसाठी विमेदारांचा पैसा का? चढलेले भाव का मान्य केले? प्रत्येक प्रश्नाला तारखांचा आणि भावांचा आधार होता, आणि मंत्र्यांच्या दोन्ही उत्तरांतील शब्द त्यांच्यासमोर ठेवून ते बोलत होते. सभागृहात दिलेले उत्तर छापील कामकाजात कायम राहते आणि ते पुढे मंत्र्याविरुद्धच साक्षीला उभे करता येते, हे त्या दिवशी साऱ्या सदस्यांनी पाहिले. अर्थमंत्र्यांनी व्यवहाराचे समर्थन करण्याचा प्रयत्न केला, पण सभागृहाचा कल स्पष्ट होता. काँग्रेसच्या बाकांवरूनही त्यांना फारसा आधार मिळाला नाही, आणि अखेर चौकशीची मागणी मान्य करण्यावाचून सरकारपुढे पर्याय उरला नाही.

७ जानेवारी १९५८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचा एकसदस्य चौकशी आयोग नेमण्यात आला. छागलांनी दोन गोष्टी पहिल्यापासून ठरवल्या होत्या. चौकशी उघड्यावर होईल आणि ती रेंगाळणार नाही. मुंबईत सुरू झालेल्या या सुनावणीला लोकांनी एवढी गर्दी केली की आत जागा न मिळालेल्यांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. शेअर बाजारातील दलाल, विमा प्रतिनिधी, वकील, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि ज्यांच्या हप्त्याचा पैसा या सौद्यात गेला होता असे साधे विमेदार, हे सारे देशाचे अर्थमंत्री आणि सर्वोच्च अधिकारी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून काय सांगतात ते ऐकत होते. आयोगाला साहाय्य करत होते भारताचे महान्यायवादी, म्हणजे सरकारचे सर्वोच्च विधी सल्लागार, मोतीलाल सेटलवाड. मुंबईच्या वकिलीत वाढलेल्या या ज्येष्ठ विधिज्ञाने सरकारच्याच मंत्र्याची आणि सचिवाची उलटतपासणी कोणताही मुलाहिजा न ठेवता घेतली. सरकारचा वकील सरकारलाच प्रश्न विचारतो आहे, हे दृश्य लोकांना नवे होते. राज्यघटना लागू होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे होत होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

साक्षींतून जे बाहेर आले ते सर्वांनाच अस्वस्थ करणारे होते. पटेल यांचे म्हणणे असे की, मुंदडांचा प्रस्ताव आपण मंत्र्यांच्या कानावर घातला होता आणि त्यांच्या संमतीनेच पुढे गेलो. कृष्णम्माचारी यांचे म्हणणे असे की, आपण या सौद्याला मान्यता दिली नव्हती. जूनमध्ये अर्थमंत्री मुंबईत आले असताना झालेल्या भेटीगाठी आणि बैठका यांभोवती सारी उलटतपासणी फिरू लागली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. व्ही. आर. अय्यंगार आणि स्टेट बँकेचे अध्यक्ष पी. सी. भट्टाचार्य यांनाही साक्ष द्यावी लागली. बैठकीत कोण काय बोलले, कोणत्या शब्दाचा कोणी काय अर्थ घेतला, यावर मोठमोठी माणसे परस्परविरोधी सांगत राहिली, कारण निर्णायक ठरेल असा लेखी आदेश कोठेच नव्हता. वास्तविक आयुर्विमा महामंडळ कायद्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट म्हटले होते की, सार्वजनिक हिताच्या धोरणात्मक बाबींत केंद्र सरकारने महामंडळाला निर्देश द्यावेत आणि ते लेखी असावेत. लेखी निर्देशाची अट ही निव्वळ दप्तराची औपचारिकता नाही. सही करणाऱ्याला जबाबदारी झटकता येत नाही आणि ज्याला निर्देश मिळतो त्याला तो नाकारण्याची किंवा मतभेद नोंदवण्याची संधी मिळते, म्हणून ती घातलेली असते. महामंडळाच्या अधिकाऱ्यांनी तोंडी सूचना हाच हुकूम मानला, आणि विमेदारांचे विश्वस्त म्हणून ज्यांनी प्रतिकार करायचा, त्यांनी तो केला नाही.

१० फेब्रुवारी १९५८ रोजी, म्हणजे नेमणुकीनंतर पाच आठवड्यांच्या आत, छागलांनी अहवाल सादर केला. शेअर बाजार सावरण्यासाठी खरेदी केली, हा बचाव त्यांनी फेटाळला. व्यवहार व्यापारी तत्त्वांवर झालेला नाही आणि त्यामागे मुंदडांना साहाय्य करण्याचा हेतू होता, असा त्यांचा निष्कर्ष होता. मंत्री आणि सचिव यांच्या नात्याविषयी त्यांनी जे लिहिले ते भारतीय संसदीय परंपरेत आजही आधारभूत मानले जाते. मंत्र्याला आपल्या सचिवाच्या कृतीआड लपता येत नाही आणि त्या कृतीशी आपला संबंध नाही असेही म्हणता येत नाही. खात्याच्या कारभाराची घटनात्मक जबाबदारी पूर्णपणे मंत्र्याची असते, असे त्यांनी नि:संदिग्ध शब्दांत मांडले. स्वायत्त महामंडळांच्या कामात सरकारने ढवळाढवळ करू नये आणि करायचीच तर लेखी निर्देशाने करावी, हे दुसरे तत्त्व. अशा संस्थांच्या प्रमुखपदी व्यापार आणि वित्त यांचा अनुभव असलेली माणसे असावीत, ही तिसरी सूचना. आणि या लेखाच्या विषयाशी सर्वांत जवळचे तत्त्व असे की, मंत्र्यांनी संसदेला अगदी आरंभीच विश्वासात घ्यावे आणि सर्व संबद्ध वस्तुस्थिती तिच्यापुढे ठेवावी. तसे न केल्यास संसदेला ती माहिती अन्य मार्गांनी मिळते आणि त्यातून अडचणी उभ्या राहतात. न्यायमूर्तींनी वापरलेली भाषा सौम्य होती, पण सप्टेंबर आणि नोव्हेंबरमधील त्या दोन उत्तरांवरचा हा स्पष्ट ठपका होता.

फेब्रुवारीच्या मध्यास कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. तो स्वीकारताना पंतप्रधान नेहरूंनी लिहिले की, या प्रकरणात त्यांचा वाटा सर्वांत लहान होता आणि झालेल्या पुष्कळशा गोष्टी त्यांना ठाऊकही नव्हत्या, अशी आपली खात्री आहे. नेहरूंना आपला एक समर्थ सहकारी गमवावा लागल्याचे दुःख होते आणि चौकशी ज्या गाजावाजात झाली ती पद्धतही त्यांना रुचली नव्हती. तरी त्यांनी अहवाल दडपला नाही आणि राजीनामा रोखला नाही. याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. अर्थसंकल्प तोंडावर आला होता. अर्थखाते पंतप्रधानांनी तात्पुरते स्वतःकडे घेतले आणि २८ फेब्रुवारी १९५८ रोजी स्वतः अर्थसंकल्प मांडला. पुढच्याच महिन्यात मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री मोरारजी देसाई अर्थमंत्री झाले.

अधिकाऱ्यांच्या वर्तनाची स्वतंत्र चौकशी न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाकडे सोपवण्यात आली. पटेल यांनी सरकारी सेवा सोडली, गुजरातेत वल्लभ विद्यानगरच्या शिक्षणकार्यात स्वतःला वाहून घेतले आणि १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारात ते स्वतः अर्थमंत्री झाले. कृष्णम्माचारी १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परतले आणि १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. मुंदडांवर फौजदारी खटले चालले आणि त्यांना शिक्षा झाली. म्हणजे दोन प्रमुख व्यक्तींचे सार्वजनिक जीवन या प्रकरणाने संपले नाही, आणि तसे ते संपायलाच हवे होते असेही नाही. मंत्री वैयक्तिक लाभासाठी वागला असा आरोप सिद्ध झाला नव्हता. तरीही खात्यात जे घडले आणि संसदेला जे सांगितले गेले त्यासाठी त्याने पद सोडले. वैयक्तिक दोष आणि घटनात्मक जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या राजीनाम्याने जितके ठळकपणे दाखवले तितके नंतरच्या फार थोड्या घटनांनी दाखवले असेल. पुढच्या काळात ‘चौकशीत दोषी ठरलो तरच जाईन’ अशी भूमिका घेणाऱ्या मंत्र्यांची संख्या वाढत गेली, हे लक्षात घेता १९५८ चा मानदंड किती उंच होता ते दिसते.

फिरोज गांधी या यशावर थांबले नाहीत. रेल्वेला इंजिने पुरवणारी टेल्को ही टाटांची कंपनी जपानी इंजिनांच्या मानाने जवळजवळ दुप्पट किंमत लावते, असे दाखवून त्यांनी त्या कंपनीच्या राष्ट्रीयीकरणाची मागणी केली. टाटा पारशी आणि फिरोजही पारशी, त्यामुळे समाजात नाराजी उमटली. त्यांनी तिची पर्वा केली नाही. पण प्रकृती साथ देईनाशी झाली होती. ८ सप्टेंबर १९६० रोजी, अठ्ठेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला असताना, दिल्लीच्या विलिंग्डन रुग्णालयात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या संसदीय कामातील एक भाग मुंदडा प्रकरणाच्या प्रकाशझोतात काहीसा झाकला गेला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय ही हकिकत पुरी होत नाही. सभागृहात सदस्याने केलेल्या विधानावर बदनामीचा खटला भरता येत नाही, हे संरक्षण सदस्याला होते. पण तेच विधान छापणाऱ्या वृत्तपत्राला ते नव्हते. विमा कंपन्यांविषयी बोलताना फिरोज गांधींना ही अडचण जाणवली होती, कारण वृत्तपत्रे कायद्याच्या भीतीने नावे गाळत. सभागृहात विचारलेला प्रश्न आणि त्याचे उत्तर लोकांपर्यंत पोहोचलेच नाही, तर प्रश्नाचे निम्मे बळ वाया जाते. म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणले, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, आणि ते १९५६ मध्ये कायदा म्हणून संमत झाले. संसदेच्या कामकाजाचा खरा आणि द्वेषरहित वृत्तांत छापणाऱ्याला त्यामुळे संरक्षण मिळाले. मुंदडा प्रकरणातील प्रश्नोत्तरे देशभरच्या वृत्तपत्रांनी नावानिशी छापली ती याच कायद्याच्या छायेत. आणीबाणीत, जुलै १९७५ मध्ये भरलेल्या संसदेच्या सत्रात प्रश्नोत्तराचा तास रद्द करण्यात आला आणि त्यानंतर इंदिरा गांधींच्या सरकारने फिरोज गांधींचा तो कायदाही रद्दबातल केला. १९७७ च्या सत्तांतरानंतर नव्या संसदेने तो पुन्हा संमत केला. पुढे ४४ व्या घटनादुरुस्तीने हे संरक्षण अनुच्छेद ३६१-अ च्या रूपाने थेट राज्यघटनेत घातले गेले आणि राज्यांच्या विधिमंडळांनाही लागू झाले. महाराष्ट्र विधानसभेतील एखाद्या तारांकित प्रश्नाचा वृत्तांत मराठी दैनिक आज छापते ते याच अनुच्छेदाच्या बळावर.